राणीच्या कळा आणि पुलावरची सहासष्ट सेकंदं

"आत बाई कळा देत्येय, आणि तुम्ही इथे दोरी कसली मोजत बसलाय?" आत्या म्हणाली आणि विणकामाची सुई तिने थेट आमच्या पुलावर रोखली.

पूल माझ्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये होता. मी दातांचा डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून दुपारी दोन ते साडेपाच आमचा खेळ तिथे चालतो. खेळ काय ते आधी सांगतो, कारण माझ्या बायकोला तो चार वर्षांत कळलेला नाही आणि आता तिने विचारायचंही सोडलंय. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे. आपण म्हणायचं, मी उडी मारतो. मग फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर पलीकडे, लहान आला तर पाण्यात. संपलं. लहानपणी आपण सगळे हेच करत होतो, फक्त तेव्हा तीनशे पानांचं नियमांचं पुस्तक नव्हतं.

ते पुस्तक वकिलाकडे असतं. वकील माझा शाळेपासूनचा मित्र. खेळात तो जादूगार आहे, पण जादू करताना त्याला कुणी फारसं पाहिलेलं नाही. "हरकत!" म्हणताना पाहिलंय. दुसरा मित्र जमिनीची मोजणी करतो. खेळात धनुर्धारी. बाण सोडण्याआधी तो खिशातून दोरी काढून टेबलावरचं अंतर मोजतो, मग दुसऱ्या बाजूने मोजतो आणि दोन्हींची सरासरी काढतो. मी स्वतः कुऱ्हाडवाला योद्धा. आणि गोष्ट सांगणारे मास्तर, म्हणजे शाळेत चित्रकला शिकवणारा एक हसतमुख तरुण. आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण रविवारी आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो आणि त्याच्यापुढे हात जोडतो.

आत्या आली ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दीड महिना माझ्याकडे राहिली. पहिल्या रविवारी घरी एकटी बसून काय करणार, म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन आलो. आमचा चौथा गडी नुकताच लग्न करून खेळातून उठला होता, त्याची खुर्ची रिकामीच होती.

"आत्या, तुम्ही कोण होणार?" मास्तरांनी विचारलं. "राजकन्या? जादूगारीण?"

"मी सुईण होते," आत्या म्हणाली. "दुसरं मला काही येत नाही."

चौतीस वर्षं ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचे डोळे चमकले. असं चमकलेलं तोंड मी कीर्तनात पाहिलंय, बुवांना ऐनवेळी आख्यान सुचलं की तसं होतं. आत्याच्याच मांडीवर डोकं ठेवून मी लहानपणी कितीतरी कीर्तनं अर्धी ऐकली आणि अर्ध्यात झोपलो. देवाच्या दयेने ऐकलेला अर्धा भाग अजून आठवतो. तर मास्तर म्हणाले, "पुलापलीकडे किल्ला आहे. किल्ल्यात राणीला कळा सुरू झाल्यात. आसपास सुईण नाही. तुम्ही तिघं वीर या सुईणबाईंना किल्ल्यात पोहोचवायला निघालात."

अंगावर काटा आला माझ्या. अशी सुरुवात आम्हाला चार वर्षांत मिळाली नव्हती.

"पुलावर चोवीस बुटके राक्षस उभे आहेत," मास्तर पुढे म्हणाले. "त्यांचा सरदार तुम्हाला पाहून ओरडतो, 'कोण आहे तिकडे?'"

"मी कुऱ्हाड फेकतो," मी म्हणालो.

"नियम चौदा," वकील म्हणाला. "बोलणाऱ्यावर पहिला वार करता येतो, कारण त्याचं लक्ष बोलण्यात असतं."

फासा टाकला. वीसपैकी एकोणीस! सगळे ओरडलो. आणि लढाई सुरू झाली.

त्याला सहा रविवार झाले.

आता हिशेब ऐका. या खेळात लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. एका फेरीत प्रत्येकाने एक वार करायचा, मग राक्षसांनी. सहा रविवारांत आमच्या अकरा फेऱ्या झाल्या. मोजणीदाराने कागदावर मांडून दाखवलं, एकवीस तास खेळून आम्ही सहासष्ट सेकंद लढलो होतो.

"म्हणजे राणीला कळा सुरू होऊन एक मिनिट सहा सेकंद झालेत," तो समाधानाने म्हणाला. "भरपूर वेळ आहे, आत्या."

"तिला असेल," आत्या म्हणाली. "मला उद्या सकाळी जायचंय."

कारण हा सातवा रविवार होता. डोळा बरा झाला होता आणि उद्या सकाळच्या गाडीने आत्या तिच्या मुलाकडे कायमची राहायला चालली होती. गाव लांबचं. तिथे हा खेळ खेळणारं कुणी नाही, आणि तिचं वय बघता पुन्हा येणं कधी ते देवच जाणे. सकाळी डोळ्यांत थेंब घालून घेताना ती मला म्हणाली होती, "अरे, चौतीस वर्षांत एकही बाई मी अर्ध्यावर सोडून ड्युटी संपवली नाही. एकदा माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी मंडपात पोहोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. आणि तुझी ही राणी मी तशीच सोडून जाऊ?"

"आत्या, ती खरी नाही," मी म्हणालो.

"कळा सुरू झाल्यात ना? मग मला काय सांगतोस खरी-खोटी!"

सहा रविवार ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून विणत होती. तिची पाळी दोन तासांनी एकदा यायची. मास्तर विचारायचे, "सुईणबाई काय करतात?" आत्या म्हणायची, "पुढे जाते." मग वकील सांगायचा की पुढे जाता येणार नाही, पुढे तुमचा भाचा कुऱ्हाड घेऊन उभा आहे, पुलावर आखलेल्या एका चौकटीत दोन माणसं मावत नाहीत. आत्या "बरं" म्हणून पुढचा टाका घालायची. एवढ्या काळात राणीच्या बाळाचं टोपडं विणून झालं, दोन्ही मोजे झाले, आता छोटी शाल निम्म्यावर आली होती. आमचे मात्र तेराच राक्षस मेले होते.

राक्षस म्हणजे प्लास्टरच्या दाढा. रुग्णांचे साचे घेताना खराब झालेल्या दाढा मी टाकून देत नाही. सरदार म्हणजे एक भली थोरली अक्कलदाढ, मुळं वाकडी. पूलही मीच साच्याच्या प्लास्टरचा केला होता, कठड्यांसकट. कठड्यांचा मला आता पश्चात्ताप होतो. पाचव्या रविवारी मी म्हणालो, मी कठड्यावर चढून कुऱ्हाड मारतो. मोजणीदाराने कठड्याची रुंदी मोजली. वकिलाने विचारलं, कठडा ओला आहे का? मास्तर म्हणाले, नदी खालून वाहते, तेव्हा दमट असेल. दमट म्हणजे ओला का, यावर पंचवीस मिनिटं गेली. शेवटी दमट हा ओल्याचा अर्धा धरायचं ठरलं. मग मी माझी कुऱ्हाड कशी फिरते याचं वर्णन केलं, ते मी आठवडाभर दाढा कोरताना मनात घोकून ठेवलं होतं. फासा टाकला. तीन पडले.

चाळीस मिनिटं लागली माझ्या कुऱ्हाडीला हवेतून फिरून परत यायला.

तेव्हा या सातव्या रविवारी, आत्याचा आवाज ऐकून मी उठलो आणि टेबलाच्या खणातून वाळूची घड्याळं काढली. लहान मुलांनी दोन मिनिटं दात घासावेत म्हणून मी ती वाटतो. गुलाबी, निळी, हिरवी. एक गुलाबी मी पुलाच्या कडेला ठेवलं.

"आजपासून प्रत्येकाला दोन मिनिटं," मी जाहीर केलं. "वाळू संपली की पाळी संपली. साडेपाचला आत्याला राणीपर्यंत पोहोचवायचंच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने सुद्धा.

"एक शंका," वकील म्हणाला.

मला तेव्हाच उठून निघून जायला हवं होतं.

"मी हरकत घेतली तर वाळू थांबणार का? नाही थांबली तर हरकत घेणाऱ्यावर अन्याय. थांबली तर ती थांबवायची कशी?"

"आडवं करायचं," मी म्हणालो.

"आडवं केलं की थोडी वाळू सांडते उलट बाजूला," मोजणीदार म्हणाला. त्याने मनगटावरचं घड्याळ लावून तपासलंच होतं. "शिवाय गुलाबी घड्याळ एक मिनिट बावन्न सेकंदांचं आहे. निळं दोन मिनिटं सहा. ज्याला गुलाबी मिळेल त्याचं नुकसान."

"मग हरकतीसाठी वेगळं घड्याळ ठेवू," वकील म्हणाला. "हिरवं. आणि हरकतीवरच्या हरकतीसाठी..."

"अरे देवा," आत्या म्हणाली.

पावणेचार वाजता टेबलावर पाच घड्याळं होती आणि कुणाचं कुठलं हे लिहिलेला एक तक्ता भिंतीवर, हिरड्यांच्या तक्त्याशेजारी, चिकटवलेला होता. पुलावर अजून कुणी पाऊल उचललं नव्हतं. पण ठीक आहे, एकदा यंत्र लागलं की चालतं, असं मी मनाला समजावलं. आणि चाललंही! माझी पाळी दीड मिनिटात झाली. मोजणीदाराने दोरी काढली, पण वाळू पाहून घाबरला आणि तसाच बाण सोडला. चार वर्षांत प्रथमच त्याने न मोजता बाण मारला आणि तो लागला. तो स्वतःच हादरला. वकिलाने चक्क जादू केली. एकदम सहा दाढा आडव्या झाल्या. चारच उरल्या, त्यात सरदार धरून. पलीकडे दरवाजा दिसत होता.

"झालं!" मी ओरडलो. "पुढच्या फेरीत आत!"

"तेवढ्यात," मास्तर घाईने म्हणाले, "दगडांआडून आणखी दहा राक्षस येतात."

त्यांनी खिशातून मूठभर दाढा काढल्या आणि पुलावर ओतल्या. माझ्याच दाढा. कधी खिशात घातल्या कोण जाणे.

आम्ही तिघं एका क्षणात कामाला लागलो. दहा राक्षस कुठून आले, दगड किती मोठे होते, दगडांआड दहा मावतात का. मोजणीदाराच्या हातात दोरी परत आली, आणि खरं सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर शांतताही परत आली. फक्त आत्याने विणकाम खाली ठेवलं. टोपडं, मोजे, सगळं पिशवीत घातलं आणि मास्तरांकडे बघत राहिली. नव्या डोळ्याने.

"मास्तर, जरा कप उचलायला चल रे माझ्याबरोबर," ती म्हणाली.

चहाचे कप आतल्या खोलीत धुतले जातात, रुग्णाच्या खुर्चीशेजारच्या बेसिनमध्ये. किटली घेऊन मीही मागे गेलो. वकील आणि मोजणीदार बाहेर दगडांच्या आकारावर भांडत राहिले.

आत्याने मास्तरांना रुग्णाच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसलं की माणूस खरं बोलतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

"दाराच्या आत काय आहे?" तिने विचारलं.

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"आमच्याकडे एक बुवा होते," आत्या कप विसळत म्हणाली. "गोड गळा, देखणे. पण आख्यानात पुढचं आठवेनासं झालं की गजर धरायचे. टाळकरी गातायत, पेटीवाला वाजवतोय, लोक डोलतायत, लोकांना वाटतं काय रंग चढलाय! मी पहिल्या ओळीत बसून ओळखायचे, बुवांची वाट चुकलीय. गजर जितका लांब, तितके बुवा घाबरलेले. तुझी ही लढाई सात रविवार चाललीय, मास्तर."

मास्तरांनी झोळीतून वही काढून तिच्या हातात दिली. मी खांद्यावरून पाहिलं. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात एक ओळ: राणीला कळा सुरू झाल्या आहेत. पुढची चाळीस पानं राक्षसांच्या ताकदीचे तक्ते. बाकी वही कोरी.

"मला काही माहीतच नाही हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही सुईण म्हणालात आणि तोंडातून निघून गेलं. मी अजून लग्नसुद्धा केलेलं नाही. बाळंतपण म्हणजे काय सांगू? तुम्ही चौतीस वर्षं पाहिलेलं. चुकलो तर तुम्ही हसाल. लढाईत बरं असतं, आत्या. आकडे सांगतात काय झालं ते. मला काही सांगावं लागत नाही."

मी किटली धरून उभा होतो. मला आठवलं, प्रत्येक वेळी आम्ही दाराजवळ आलो की हा मुलगा घामाघूम व्हायचा आणि मला वाटायचं, काय रंगलाय खेळात!

आत्या हसली नाही. म्हणाली, "त्या बुवांना मी काय करायचे माहीत आहे? गजर जरा खाली आला की पहिल्या ओळीतून मोठ्याने विचारायचे, 'बुवा, मग राजाने पत्र वाचलं का हो?' की त्यांना पत्र आठवायचं, पत्रावरून राणी आठवायची, गाडी चालू. लोकांना वाटायचं, काय भाविक बाई आहे! तू फक्त माझ्या पाळीला मला बोलू दे. विचारायचं मी बघते. ऊठ आता, आणि ते गुलाबी सोडून बाकीची वाळूची खेळणी कपाटात टाक."

बाहेर आलो. पावणेपाच.

"सुईणबाई काय करतात?" मास्तरांनी विचारलं.

"त्या सरदाराशी बोलते."

"हरकत," वकील म्हणाला. "सरदार सहा चौकटी लांब आहे."

"वकीलसाहेब, मी बोलणार आहे, चावणार नाही. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला माझा आवाज जायचा." आणि तिने अक्कलदाढेकडे तोंड केलं. "काय रे बाबा, तू इथे दारात का उभा आहेस?"

मास्तर दाढेकडे पाहत राहिले. पुलाच्या कडेला राहिलेल्या एकुलत्या गुलाबी घड्याळातून वाळू पडत होती.

"तो म्हणतो..." मास्तर थांबले. "तो म्हणतो, मला राणीसाहेबांनी उभं केलंय. आत त्या अडल्यात. सुईण येईपर्यंत परक्या कुणालाही पुलावरून सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

मी माझ्या कुऱ्हाडीकडे, म्हणजे टेबलावरच्या टूथपिककडे, पाहिलं.

"म्हणजे हे राणीचे पहारेकरी?" मोजणीदाराने हळूच विचारलं.

"तो पुढे म्हणतो," मास्तरांना आता सुचायला लागलं होतं, चेहरा पुन्हा तसाच चमकला होता, "मी विचारलं होतं, कोण आहे तिकडे. तर कुऱ्हाड आली."

मी आडव्या पडलेल्या दाढा मनात मोजल्या. वीस.

"तुम्ही त्याला विचारलंच नव्हतं?" आत्या आमच्याकडे वळली. "मला वाटलं, तुम्ही चार वर्षं खेळताय, तुम्हाला माहीत असेल. मी आपली गप्प मागे उभी!"

"नियम चौदा..." वकील म्हणाला, आणि स्वतःच पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं.

"सरदार, मी सुईण," आत्या म्हणाली. "ही तिघं माझी माणसं. अर्धवट आहेत, पण माझी आहेत. दार उघड."

दार उघडलं. लढाईचा शेवट करायला आत्याला गुलाबी घड्याळातली निम्मी वाळूही लागली नाही.

"आत काय दिसतं, मास्तर? दिवा आहे का?"

"एकच आहे. मिणमिणता."

"राणीजवळ कोण आहे? सासू?"

"सासू... आहे. रागावलेली आहे."

"असणारच. पहिलटकरीण का?"

मास्तरांनी डोळे मिटले. "नाही. दुसरं. पहिलं गेलं होतं." ते कुठून आलं, त्यांनाही कळलं नसावं. पण आत्याने मान हलवली, आणि त्या क्षणापासून तो मुलगा थांबला नाही. ती विचारी, तो सांगे. राणीने कुणाचा हात धरलाय, खिडकीतून काय दिसतं, ती कुणाला शिव्या देत्येय. आम्हालाही तिने कामाला लावलं.

"मोजणीदार, पाणी तापवा."

"किती अंशांपर्यंत?"

"हात घालवेल इतपत. वकीलसाहेब, दिवा धरा. हलवायचा नाही आणि बोलायचं नाही." वकिलाने रिकामा हात खरोखर वर धरला आणि वीस मिनिटं खाली घेतला नाही. "आणि तू," मला म्हणाली, "बाहेर जा आणि पुलावरच्या जखमींना पट्ट्या बांध. फेकलीस ना कुऱ्हाड?" मी टेबलाच्या टोकाला बसलो आणि एकेका दाढेभोवती कापूस गुंडाळू लागलो. हसू नका. वीस दाढा होत्या.

"आणि अशी सगळी रात्र गेली," मास्तर म्हणाले. "पहाट झाली."

मोजणीदार दचकला. आख्खी रात्र एका वाक्यात! त्याने दोरीकडे पाहिलं आणि ती खिशात घातली.

"आलं," आत्या म्हणाली. तिचे हात टेबलावर पुढे आले होते, ओंजळ करून. "आलं बाळ. रडतंय का, मास्तर?"

मास्तर अगदी हळू म्हणाले, "नाही."

"फासा टाकावा लागेल," वकील कुजबुजला. दिवा धरलेलाच होता.

"याला फासा नसतो," आत्या म्हणाली. तिने डाव्या हाताने गुलाबी घड्याळ उलटं केलं आणि उजवा हात हवेत चोळू लागली. वरून खाली, वरून खाली, छोट्या पाठीवर. सात रविवारांत आम्ही जितका वेळ वाया घालवला, त्यातला कुठलाच इतका लांब नव्हता. वाळू पडण्याचा आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागलो, एका न झालेल्या राणीच्या न झालेल्या बाळासाठी. आणि मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. वाळू निम्म्याखाली आली. आत्या मास्तरांकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. मास्तर मात्र तिच्याकडे बघत होते.

आणि मास्तर रडले. म्हणजे बाळाचं रडले: बारीक, चिरका, संतापलेला आवाज काढला त्यांनी, चित्रकलेच्या शिक्षकाने, रविवारच्या संध्याकाळी, दातांच्या दवाखान्यात.

"मुलगी," आत्या म्हणाली. "बघ कशी भांडत्येय." पिशवीतून टोपडं काढून तिने पुलापलीकडे किल्ल्याच्या दारात ठेवलं. वकिलाने हात खाली घेतला आणि त्याच हाताने डोळे पुसले. "धूर फार होता दिव्याचा," तो म्हणाला.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. आत्याने अर्धवट शाल मास्तरांच्या हातात दिली, उरलेली पुढच्या वेळी कुणीतरी पुरी करा म्हणाली, आणि आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून आलो.

त्याला महिना झाला. आमचा खेळ सुधारला की नाही ते तुम्हीच ठरवा. राणीने आम्हाला बारशाचं आमंत्रण द्यायला शेजारच्या राज्यात पाठवलंय. वाटेत वेशीवर एक दारवान उभा आहे. त्याला पाहताच सवयीने माझा हात फाशाकडे गेला, तर वकिलाने मनगट धरलं.

"आधी विचार, कोण आहे."

विचारलं. मग मोजणीदाराने विचारलं, कुठलं गाव. वकिलाने विचारलं, नोकरी कायम आहे का आणि हुकूम लेखी आहे का. मास्तर आता कशाला डगमगत नाहीत, जे विचारू ते सांगतात, आणि शाल विणत सांगतात. हे चार रविवार चाललंय.

काल आत्याचा फोन आला. आधी बाळाची चौकशी केली, दूध नीट पिते म्हटल्यावर मग आमची.

"पोहोचलात का रे बारशाचं सांगायला?"

"नाही, आत्या. अजून दारवानाशी बोलतोय. भला माणूस आहे. गुडघे दुखतात त्याचे. तीन मुली आहेत."

मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"धाकटी केवढी आहे?" आत्याने विचारलं.